आपले काम चारचौघांत कसे सांगावे: मित्रमंडळींसोबत करण्याचा सराव

खेड्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःची ओळख करून देण्याची वेळ फारशी येत नाही. एस.टी.तून उतरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत जो भेटतो तो त्याला, त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही ओळखत असतो. घरी ओलित किती, कोरडवाहू किती, थोरला कुठे कामाला आहे, हे सगळे गावाला तोंडपाठ असते. अडचण येते ती गावाची वेस ओलांडल्यावर. बँकेच्या शाखेत, जिल्हा उद्योग केंद्रात, अमरावतीच्या किंवा नागपूरच्या व्यापाऱ्यापुढे, नोकरीच्या मुलाखतीत समोरचा विचारतो, "आपण काय करता?" आणि ज्याने भरलेली, म्हणजे नव्याने तार गुंडाळलेली, मोटार वर्षानुवर्षे जळत नाही असा कारागीर मान खाली घालून म्हणतो, "काही नाही जी, असंच थोडंफार." विदर्भाच्या खेड्यांत कसबाची वानवा नाही. ते कसब अनोळखी माणसापुढे चार वाक्यांत मांडण्याचा सराव मात्र कोणी कोणाकडून करून घेत नाही.

यात संकोचाचाही मोठा भाग आहे. आपल्या तोंडाने आपलीच आरती ओवाळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते आणि ती योग्यच आहे. परंतु कामाची खरी माहिती देणे वेगळे आणि बढाई मारणे वेगळे. हा फरक ओळखण्याची कसोटी गावातच उपलब्ध आहे: जे वाक्य शेजारी बसलेला बालमित्र मान हलवून मान्य करील ती माहिती, आणि ज्या वाक्याला तो हसेल ती बढाई. म्हणूनच हा सराव आरशापुढे उभे राहून किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून करण्यापेक्षा मित्रांमध्ये करावा, असे माझे ठाम मत आहे.

मंडळी, वेळ आणि जागा

चार ते सहा जण पुरेत. सगळे एकाच धंद्यातले नसावेत. तुमच्या कामातले काहीही न कळणारा एक तरी मित्र हवाच, कारण बाहेरचा माणूस जे प्रश्न विचारणार आहे तेच प्रश्न तो विचारतो. तुमचे काम आतून-बाहेरून जाणणारा दुसरा हवा, कारण वाढवून सांगितलेली गोष्ट तो जागच्या जागी पकडतो. बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा पुण्याला काही वर्षे काढून परतलेला कोणी असेल तर त्याला आवर्जून बोलवावे. मुलाखत कशी असते आणि साहेब लोक किती घाईत असतात, हे त्याने पाहिलेले असते. महिलांसाठी बचत गटाची बैठक ही तयार जागा आहे. बचतीची रक्कम जमा होऊन नोंदी झाल्या की अर्धा तास या सरावाला द्यावा, म्हणजे घरातून वेगळी सवड काढावी लागत नाही.

पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हे जमणार नाही, तेव्हा त्या काळात सुरुवातच करू नये. शेवटची वेचणी आटोपल्यापासून मृगापर्यंतचे दिवस सोयीचे असतात; आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. पानठेल्यावर किंवा पारावर बसू नये, कारण तिथे येणारा-जाणारा थांबतो आणि बोलणारा बुजतो. शाळेचा ओटा, समाजमंदिर किंवा कोणाचे मागचे अंगण चालेल.

नियम तीनच ठेवावेत. मोबाइल बाजूला राहील. जो बोलत आहे त्याची टवाळी होणार नाही. आणि इथे कोण अडखळला, कोणाला घाम फुटला, हे बाहेर जाणार नाही. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. खेड्यात एखाद्याची फजिती महिनोन् महिने सांगितली जाते आणि त्या भीतीनेच मुले तोंड उघडत नाहीत.

आधी कागदावर

बोलण्याच्या आधी प्रत्येकाने वहीचे एक पान घ्यावे आणि गेल्या दोन वर्षांत आपण प्रत्यक्ष काय केले ते लिहावे. स्वभावाची विशेषणे नकोत; 'मेहनती', 'प्रामाणिक', 'होतकरू' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. काम कोणासाठी केले, किती केले, किती वेळात केले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच लिहायचे.

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. त्याचे पहिले वाक्य बहुधा असे असते: "मी मोटारीचं सगळं काम करतो." सगळ्या कामात ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. मंडळींनी त्याला विचारत जावे. कोणत्या मोटारी? विहिरीवरच्या की बोअरच्या? किती अश्वशक्तीपर्यंत? तांब्याची तार वापरतोस की ॲल्युमिनियमची? किती दिवसांत देतोस? परत जळाली तर? या प्रश्नांची उत्तरे जोडली की वाक्य असे होते: "मी पाच अश्वशक्तीपर्यंतच्या पाणबुडी मोटारी भरतो. तार तांब्याचीच वापरतो. सकाळी मोटार आणून दिली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देतो, आणि सहा महिन्यांत तीच गुंडाळी जळाली तर मजुरी घेत नाही." यात स्तुतीचा एक शब्द नाही, पण हरभऱ्याला पाणी द्यायचे असताना ज्याची मोटार बंद पडली आहे, त्या शेतकऱ्याला हवे ते सगळे यात आहे.

आता मंडळींचे दुसरे काम सुरू होते आणि ते पहिल्यापेक्षा नाजूक आहे. प्रत्येक वाक्यावर जाणकार मित्राने एकच प्रश्न विचारायचा: "हे कोणी तपासलं तर टिकेल का?" समजा, वर्धा जिल्ह्यातला एक बचत गट हळद दळून विकतो. 'वायगाव हळद' असे नाव पिशवीवर छापले तर माल लवकर खपेल, असे कोणाला तरी वाटतेच. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव ठरावीक भागात पिकलेल्या हळदीचे आहे आणि ते वापरण्यासाठी रीतसर नोंदणी लागते. हळद दुसऱ्या गावच्या शिवारातली असेल तर ते नाव घेता येणार नाही. भिवापूरच्या मिरचीलाही त्याच वर्षी मानांकन मिळाले, तिचेही तसेच. 'सेंद्रिय' या शब्दाची गत निराळी नाही. प्रमाणपत्र नसताना तो शब्द वापरला आणि शहरातल्या दुकानदाराने कागद मागितला, तर पुढचे सगळे बोलणे तिथेच संपते. त्यापेक्षा "या हळदीला आम्ही फक्त शेणखत दिले आहे, घरीच उकळली आणि गावातल्या चक्कीवर दळली" असे सांगितले, तर ते खरे असते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते आणि त्याला शेत पाहायला बोलावण्याचीही सोय होते. जे वाक्य टिकत नाही ते पानावरून सरळ खोडावे. हे खोडण्याचे धैर्य मित्राकडे असते. नवखा ऐकणारा मनातल्या मनात खोडतो आणि आपल्याला कळूही देत नाही.

अर्ध्या मिनिटाची ओळख

पान तयार झाले की त्यातून अर्ध्या मिनिटात सांगता येईल अशी ओळख काढायची. नाव-गाव, नेमके काम, त्या कामाचा एखादा पुरावा आणि आज आपण कशासाठी आलो आहोत, एवढ्या गोष्टी तिच्यात याव्यात. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. ओळख होते, चहा होतो, आणि ज्या कामासाठी गाडीचे पेट्रोल जाळले ते बोलायचे राहूनच जाते.

उभे राहून बोलावे. बसून बोलताना आवाज पोटातच राहतो. एकाने घड्याळ धरावे. दुसऱ्याने 'असंच', 'थोडंफार', 'आपलं काही विशेष नाही', 'जमलं तर बघा' हे शब्द आले की बोट वर करावे. पहिल्या फेरीत बोटे इतकी वर होतात की बोलणाऱ्यालाच आश्चर्य वाटते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ती आपोआप कमी होतात. बोलून झाले की ज्याला त्या कामातले काही कळत नाही, त्या मित्राने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. त्याने जे गाळले ते एक तर अनावश्यक होते किंवा नीट सांगितलेले नव्हते. दोन्ही प्रसंगी दोष ऐकणाऱ्याचा मानू नये.

भाषेविषयी अनेक मुलांच्या मनात न्यूनगंड असतो. वऱ्हाडी किंवा झाडी बोलीतले 'मले', 'तुले' तोंडातून गेले तर साहेब हसतील, या धास्तीने ती पुस्तकी मराठी बोलायला जातात आणि दोन वाक्यांत अडकतात. माझा सल्ला असा की सूर आणि ढब आपलीच राहू द्यावी. फक्त कामाचे शब्द, आकडे आणि तारखा सावकाश आणि ठळक उच्चाराव्यात. "मले तीन वर्षं झाली या कामाले, आतापर्यंत आमच्या पाच गावांतल्या मोटारी भरल्या" हे वाक्य कोणत्याही कार्यालयात स्वच्छ समजते. मुलाखतीसाठी प्रमाण मराठी हवी असेल तर तीच ओळख दोन्ही प्रकारे बसवावी आणि दोन्हींचे रेकॉर्डिंग करून मंडळींनी एकत्र ऐकावे.

एकाने दुसऱ्याविषयी सांगणे

स्वतःविषयी बोलताना ज्यांची जीभ रेटतच नाही, त्यांच्यासाठी हा प्रकार सर्वांत गुणकारी आहे. दोघांची जोडी करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याची ओळख मंडळींना करून द्यावी. आपल्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचे गुण मुलगा सांगत नाही, मध्यस्थ सांगतो, आणि त्याचे कोणालाही वावगे वाटत नाही. तीच रीत इथे कामी येते. मित्र जे सांगतो ते ऐकताना माणसाला आपल्या कामाचे असे काही कळते जे त्याने स्वतः कधी मोजलेच नव्हते. शिवणकाम करणारी ताई स्वतःविषयी "ब्लाउज शिवते" एवढेच सांगते. तिची मैत्रीण सांगते की लग्नसराईत सुद्धा तिने दिलेली तारीख कधी चुकत नाही. ते वाक्य ताईने लिहून घ्यावे आणि पुढच्या खेपेस स्वतःच्या तोंडाने म्हणावे.

याचा दुसरा उपयोग बाहेर होतो. प्रदर्शनात किंवा मेळाव्यात दोघे मिळून गेले की एक जण दुसऱ्याची ओळख करून देतो आणि संकोचाचा प्रश्नच राहत नाही. बायका हे पुरुषांपेक्षा सहज करतात, असा माझा अनुभव आहे.

प्रसंगांची तालीम

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वाचकांना तालमीचे महत्त्व सांगायला नको. वडसा परिसरातल्या नाटकांचे पडदे दिवाळीनंतर गावोगावी उघडतात ते आधीच्या तालमींच्या बळावरच. आपल्यालाही तेच करायचे आहे. एका मित्राने समोरच्या माणसाचे सोंग घ्यायचे, आणि ते चांगुलपणाने घ्यायचे नाही. खरा अधिकारी जितका व्यग्र असतो आणि खरा व्यापारी जितका ताणून धरतो, तितके झाले तरच तालीम उपयोगाची.

बँकेच्या प्रसंगात साहेब झालेल्या मित्राने पहिले मिनिटभर मान वरच करू नये. मग मध्येच फोनवर बोलावे आणि "काय काम होतं?" असे तुटक विचारावे. कर्ज मागणाऱ्याने यावेळी पाल्हाळ न लावता सांगायचे: "साहेब, डाळ मिलसाठी कर्जाची चौकशी करायला आलो. प्रकल्प अहवाल आणला आहे. आपल्याला आत्ता वेळ नसेल तर केव्हा येऊ?" यानंतर आकड्यांचे प्रश्न येणारच, म्हणून ते आधी पाठ असावेत. उदाहरणार्थ, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदान आणि किमान १० टक्के स्वतःचा वाटा अशी रचना आहे. जाण्यापूर्वी योजनेची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. "स्वतःचे किती घालणार?" या प्रश्नाला "बघू साहेब, जमवू" असे उत्तर देणाऱ्याची फाइल पुढे सरकणे कठीण आहे. तिथे रक्कम सांगावी आणि ती कुठून येणार तेही सांगावे.

व्यापाऱ्याच्या प्रसंगात सगळी गंमत भावाची असते. व्यापारी झालेल्या मित्राने माल हातात घेऊन नाक मुरडावे आणि भाव पाडून मागावा. विकणाऱ्याने घाबरून लगेच उतरायचे नाही आणि चिडायचेही नाही. आपला भाव का आहे ते एका वाक्यात सांगावे, नमुन्याचा पुडा द्यावा आणि गप्प राहावे. हे गप्प राहणे फार अवघड जाते. मौन असह्य होऊन माणूस आपणच आपला भाव खाली आणतो. म्हणून मंडळींनी मुद्दाम दहा-पंधरा सेकंदांची शांतता पाळून त्याची सवय करून द्यावी. आपला शेवटचा भाव घरून ठरवून निघावा आणि तो फक्त एका मित्राला सांगून ठेवावा, म्हणजे तालमीत आपण त्याखाली गेलो तर तो टोकू शकेल.

नकार ऐकण्याची तालीमही करावी. "सध्या गरज नाही" असे उत्तर आले की हिरमुसून उठण्याऐवजी एवढे विचारावे: "ठीक आहे. पुढे गरज पडली तर फोन करू का? आणि हे काम लागत असेल असं आपल्या ओळखीत कोणी आहे का?" दुसऱ्या प्रश्नातून पुष्कळदा पुढची वाट निघते.

प्रत्येक प्रसंगानंतर मंडळींनी काय साधले ते आधी सांगावे आणि मग सुधारण्याजोगी एकच गोष्ट सांगावी. एका दमात सहा चुका सांगितल्या तर पुढच्या संध्याकाळी तो मित्र येत नाही.

ओळखीपाळखीची वही

ओळखी वाढवायच्या म्हटले की आपल्याला आमदार, सभापती, मोठे साहेब आठवतात. प्रत्यक्षात उपयोगी पडतात ते वेगळेच लोक. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते की ज्याच्याकडून ही खबर मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. रोज सोबत बसणाऱ्या मित्रांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते; नवी बातमी येते ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या गोतावळ्यात वावरणाऱ्या माणसाकडून.

आपल्या खेड्यांत अशा दूरच्या ओळखी भरपूर असतात, फक्त आपण त्यांच्याकडे त्या नजरेने पाहत नाही. गावची लेक दिलेली गावे, गावचे जावई, मामाच्या गावचे सवंगडी, वसतिगृहातले सोबती, कृषी सहायक, बदलून गेलेले गुरुजी, 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रभाग समन्वयक, जिनिंगमधला वजन करणारा, दूध संकलन केंद्राचा चालक. प्रत्येकाने अशी वीस नावे काढावीत आणि पुढे तो माणूस कुठे असतो, काय करतो, शेवटचे बोलणे केव्हा झाले ते लिहावे. मग मंडळींनी वह्या एकमेकांना दाखवाव्यात. पाच जणांच्या वह्या एकत्र झाल्या की कोणाचा तरी आतेभाऊ पॅकिंगच्या पिशव्या छापणारा निघतो आणि कोणाची तरी वहिनी पंचायत समितीत असते.

मित्राच्या ओळखीच्या माणसाला परस्पर फोन लावू नये, ही गोष्ट अगदी काटेकोरपणे पाळावी. आधी मित्राने त्याला विचारावे, त्याने हो म्हटल्यावर नंबर द्यावा, आणि काम झाले किंवा न झाले तरी मित्राला कळवावे. शब्द मित्राने टाकलेला असतो आणि पत त्याची लागलेली असते. ही ये-जा एकाच बाजूने होत नाही ना, हेही पाहावे; जो केवळ मागतो, त्याच्यासाठी पुढे कोणी शब्द टाकत नाही.

गावाबाहेर पहिली पावले

तालमी चार-सहा झाल्या की बाहेर पडावे, पण सोप्याकडून अवघडाकडे. पहिली जागा तालुक्याचा आठवडी बाजार. तिथे तीन अनोळखी माणसांशी बोलून त्यांचे नाव, गाव आणि काम समजून घ्यायचे. आपले काहीही विकायचे नाही. दुसरी जागा ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, तिथे उभे राहून एक नेमका प्रश्न विचारावा. ओळखीच्या माणसांपुढे उभे राहणे अनोळखी लोकांपेक्षा कधी कधी जड जाते आणि ती भीती मोडली की पुढचे सोपे होते. त्यानंतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे प्रशिक्षण, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी, नागपूरचे ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन, जिल्ह्यातले बचत गटांचे प्रदर्शन.

मोठ्या प्रदर्शनात घोळक्याने फिरू नये. सहा जण एकत्र असले की ते आपापसातच बोलतात आणि पिशव्या भरून पत्रके घेऊन परततात. दोन-दोनच्या जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीने कोणत्या तीन दालनांवर बोलायचे ते सकाळीच ठरवावे आणि दुपारच्या डब्याच्या वेळी भेटून काय घडले ते सांगावे. समोरच्याच्या कामाविषयी आधी दोन प्रश्न विचारावेत आणि मग स्वतःची ओळख द्यावी. त्याच्या दालनावर गर्दी असेल तर थांबू नये, ती ओसरल्यावर परत यावे.

भेटीनंतरचे काम

नंबर घेताना नुसते नाव साठवू नये; 'अकोला, ठिबक, शिवार फेरी' असे पुढे जोडावे, नाहीतर महिन्याने ते नाव कोणाचे हेच आठवत नाही. दोन दिवसांच्या आत एक छोटा संदेश पाठवावा. तो कसा लिहावा, याचाही सराव मंडळींत करावा. उदाहरणार्थ: "नमस्कार दादा, रविवारी प्रदर्शनात भेटलो होतो, मी हळदीवाल्या गटाकडून. आपण अर्धा किलोच्या पिशवीचे विचारले होते, तिचा फोटो आणि भाव पाठवत आहे." कुठे भेटलो, कोण आणि काय ठरले होते, हे आले की पुरे. सुप्रभातची फुले आणि सणांचे फोटो रोज पाठवणाऱ्याचा कामाचा संदेशही न उघडता पुसला जातो.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाचे फोटो आणि भाव लावण्याची सोय मोफत आहे. ती मंडळींपैकी ज्याला जमते त्याने इतरांना एका संध्याकाळी करून द्यावी. स्टेटस २४ तासच राहते, म्हणून ते ज्या दिवशी माल तयार असेल त्याच दिवशी ठेवावे.

उत्तर आले नाही तर आठवडाभराने एकदा फोन करावा, तोही दुपारच्या जेवणाची वेळ आणि बाजाराचा दिवस टाळून. तेव्हाही काही हाती लागले नाही तर वहीत तारीख टाकून ते नाव पुढच्या हंगामासाठी ठेवावे, आणि पुढच्या बैठकीत मंडळींना तोच संदेश व तेच संभाषण जसेच्या तसे वाचून दाखवावे.